मशीन मारूनही लाजाळू परत येते? गोव्यातल्या आवारांसाठी आणि बागांसाठी उपाय

तक्रार ठरलेली असते. गणेशचवथीच्या आधी माणूस लावून आवार साफ केले, मशीन (गवत कापायचा ब्रश कटर) मारून घेतले, पाहुणे येईपर्यंत अंगण चकाचक. दिवाळी येईतो त्याच जागेवर लाजाळू पसरलेली, वर गुलाबी गोंडे, खाली काटे, आणि गेल्या वर्षीपेक्षा दाट. मग प्रश्न येतो, 'औषध कोणते मारू?' औषधाचे पुढे बघू. बहुतेक आवारांत लाजाळू टिकून राहते ती मशीनच्याच कृपेने, आणि हे लक्षात आले नाही तर कुठलेही औषध वर्षभरापलीकडे पुरत नाही.

आधी कोणती लाजाळू आहे ते बघा

लाजाळूची प्रजाती म्हणजे मिमोसा. शिंबावंत कुळातली, चवळी-वालाच्या भाऊबंदांतली. हिच्यात ४०० हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्या पायाला टोचते ती मिमोसा प्युडिका; लिनियसने १७५३ साली तिला हे नाव दिले. तिची खूण सोपी. पानाच्या देठाच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून दोन किंवा चार शिरा फुटतात आणि प्रत्येक शिरेवर बारीक पानांच्या जोड्या असतात. खोड गोल, बरेचदा तांबूस. उन्हात जमिनीला चिकटून पसरते, गवताच्या गर्दीत सापडली की गुडघ्याएवढी उभी राहते.

देठावर चारापेक्षा जास्त शिरा फुटलेल्या दिसल्या, खोड गोल नसून कंगोरेदार असले आणि त्या कंगोऱ्यांवर मागे वळलेल्या काट्यांच्या रांगा असल्या, तर ती मोठी लाजाळू, मिमोसा डिप्लोट्रिका. ही जमिनीवर थांबत नाही. आजूबाजूच्या झाडांवर चढते, पुरुषभर उंचीची जाळी करते. आसामात काझीरंग्याच्या गवताळ रानात हिने काय केले ते वनखात्याला विचारावे. गेंड्यांचे चरायचे गवत हिच्याखाली दडपले गेले. केरळातल्या मळ्यांतही हिचा जाच आहे. ही तुमच्या बागेत एका कोपऱ्यात दिसली तर खालचे काही वाचत बसू नका, त्याच दिवशी मुळासकट काढा. फुलावर आलेली असेल तर आदल्या दिवशीच काढायला हवी होती.

पुढचे सगळे धाकट्या लाजाळूबद्दल.

परत का येते

पावसात माती मऊ झाली की एक जुने झाड कुदळीने सबंध उपटून नळाखाली धुऊन बघा. जमिनीलगत, खोड संपून मूळ सुरू होते तिथे, एक जाड गाठाळ भाग दिसेल. त्यावर गेल्या खेपेला मशीनने तोडलेल्या फांद्यांची सुकी टोके असतात, आणि त्या प्रत्येक टोकाच्या बुडाशी दोन-तीन नवे तांबडे कोंब. म्हणजे एक फांदी तोडली की तिच्या जागी दोन. हा गाठाळ गळा जिवंत आहे तोवर वरचे कितीही कापा, झाड मरत नाही.

त्याच झाडाच्या बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतात. नखाने एक फोडली तर आत गुलाबी दिसते. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. त्यामुळे जिथे गवत पिवळे पडून मरते अशा जमिनीत लाजाळू हिरवीगार असते. घर बांधताना ट्रक फिरून घट्ट झालेले आवार, जांभ्याच्या कपारीवरची वीतभर माती, गुरांनी चरून उघडे पाडलेले माळरान, गावातले फुटबॉलचे मैदान, या सगळ्या तिच्या हक्काच्या जागा. खत न घालता वाढणारे झाड तुम्ही खत न घालता हरवायला निघालात तर ते जड जाणारच.

आता मशीनची गोष्ट. ब्रश कटरचे पाते जमिनीपासून दोन-तीन इंचांवरून फिरते. उभे गवत कापले जाते, आडवी लाजाळू पात्याखाली सुखरूप राहते. गवताची सावली गेली, ऊन थेट तिच्यावर. पंधरवड्याने पुन्हा मशीन, पुन्हा तेच. सतत कापल्या जाणाऱ्या जागेत लाजाळू आणखी चपटी होते आणि बोटभर उंचीवरच फुलते. मशीनवाल्याचा यात दोष नाही, त्याला गवत कापायला सांगितले होते आणि त्याने गवत कापले.

राहिले बी. गोंडे वाळले की त्यांच्या जागी चपट्या शेंगांचा झुबका धरतो. शेंग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, कडेला राठ केस. पिकल्यावर ती एकदम उकलत नाही. एकेका बियाचा तुकडा सुटून पडतो आणि केसाळ कडा तेवढी झाडावर रिकामी उरते. हे तुकडे कुत्र्याच्या अंगाला, पायजम्याला, मोज्यांना, मशीनच्या संरक्षक पट्टीला चिकटून दुसऱ्या आवारात जातात. माटोळीचे (चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या चौकटीचे) सामान शोधायला रानात जाऊन आलेल्याच्या कपड्यांवर काय काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. घरी येऊन ते अंगणातच झटकायची सवय तेवढी सोडावी. बियाचे कवच कठीण असते, पाणी सहज आत शिरत नाही. त्यामुळे एका वर्षी पडलेले सगळे बी पुढच्या पावसात रुजत नाही. काही रुजते, बाकीचे मातीत पाळी धरून पडून राहते आणि पुढची कित्येक वर्षे थोडे थोडे वर येते.

म्हणून जाळणे हा उपाय नाही. काजूच्या बागेत सुगीआधी पातेरा (वाळलेला पाला) गोळा करून पेटवायची रीत जुनी आहे आणि त्याने वरची लाजाळू काळी पडते हे खरे. पण रोपवाटिकेत लाजाळूचे बी रुजवायचे असेल तर ते गरम पाण्यातून काढतात, कवच सैल व्हावे म्हणून. वणव्याची आच मातीच्या वरच्या थरात नेमके तेच काम करते. जूनच्या पहिल्या पावसानंतर राखेच्या जागी रोपांची दाटी दिसली तर नवल करू नये.

कामाची वेळ: आपल्या पावसाच्या हिशेबाने

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. लाजाळूचे वर्ष याच चार महिन्यांवर चालते, आपलेही काम तसेच लावायचे.

सगळ्यात स्वस्त संधी मे महिन्यात असते आणि ती जवळपास सगळे घालवतात. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत नवी रोपे उगवतात. रोप ओळखायला अवघड नाही: खाली दोन जाडसर गोलट दले, वर पहिले पान साध्या पिसासारखे, त्यानंतरची पाने खरी लाजाळूची, दोनदा विभागलेली. बोट लावून मिटते का बघा, खात्री होईल. या वयात मूळ इंच-दोन इंच असते. ऊन असलेल्या दिवशी सकाळी खुरप्याने किंवा फावड्याच्या धारेने वरची माती अर्धा इंच खरवडली की दुपारपर्यंत रोपे सुकतात. खोल खणू नका. खोल खणले तर खाली निजलेले बी वर येते आणि पुढच्या सरीला तेही उगवते. जमीन ओली राहिली तर जूनच्या सुरुवातीला एकदा पुन्हा खरवडा.

जून-जुलैत जुनी झाडे काढायची. मशीन नाही, कुदळ. धरून ओढले तर काटे हाताला आणि झाड गळ्याशी तुटून मूळ जमिनीत. म्हणून कुदळीचे पाते बुंध्याशेजारी तिरके घालायचे, गाठाळ भागाच्या दोन बोटे खाली मूळ तोडायचे आणि मग झाड वर उचलायचे. सोटमूळ सबंध निघायलाच हवे असे नाही. जांभ्यात ते दगडांच्या फटीत शिरलेले असते, त्यामागे खणत बसलात तर अख्खा दिवस एका झाडात जाईल. गळा वर आला की काम झाले. हातमोजे चामड्याचे घाला. सुती मोज्यांतून काटे आरपार येतात, नायलॉनचे ओले झाले की काही उपयोगाचे नाहीत. अनवाणी तर अजिबात नको. काटा आत मोडून राहिलाच तर सुईने काढून जागा साबणाने धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

एका पावसात सगळे आवार होणार नाही. मोठी जागा असेल तर कडेकडेची तुरळक झाडे आधी काढावीत आणि दाट पट्टा शेवटी ठेवावा. लोक नेमके उलटे करतात: सगळ्यात दाट पट्ट्यावर मजुरी संपते, तोवर कडेची विखुरलेली झाडे बी टाकून मोकळी होतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात जे उरले असेल त्याला निदान शेंग धरू देऊ नका. इथे मशीन चालेल, पण पात्याऐवजी दोरी लावून, अगदी जमिनीलगत, आणि गोंडे गुलाबी असतानाच. शेंगा तपकिरी झाल्यावर मशीन फिरवणे म्हणजे पेरणी करणे. चवथीच्या साफसफाईत होते ते हेच. मशीनवाल्यांना चवथीच्या आठवड्यात उसंत नसते, त्यामुळे ज्याला जमेल त्याने आपला नंबर आधी लावावा. मशीन आवारात घेण्याआधी त्याच्या पात्याभोवतीचा चिकटलेला पालापाचोळा काढायला सांगायला संकोच करू नये. आधीच्या घरचे बी तुम्हाला कशाला हवे?

ऑक्टोबरनंतर जमीन कडक होते. तेव्हा मुळांशी झुंजू नका. ते दिवस झाकणी करायचे.

उघडी जमीन ठेवलीत तर सगळे फुकट

लाजाळूला ऊन लागते. दाट सावलीत ती लांबट, विरळ होते आणि फुले कमी धरते. म्हणून जुन्या कुळागरात, पोफळी, केळी, मिरवेल, अननस असे मजल्यावर मजले असतात तिथे, ती फक्त वाटेच्या कडेला आणि पाटाच्या बांधावर सापडते. फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरवाल्यांना लाजाळूचा प्रश्न विचारला तर बरेच जण खांदे उडवतात, ते यामुळे. नव्या माडाच्या भाटात (बागेत) मात्र दोन माडांत पंचवीस फूट मोकळी जागा, वर आकाश. तिथे ती पसरणारच.

माडाच्या आळ्यात सोडणे, म्हणजे नारळाची सोललेली साले, उताणी-पालथी रचून ठेवायची जुनी पद्धत ओलाव्यासाठी म्हणून सांगतात. तणासाठीही ती तितकीच कामाची. सोडणांवर चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) दोन थर आडवे-उभे टाकले तर त्याखाली लाजाळूचे रोप वर येत नाही. विरळ टाकलीत तर फटीतून येते, तेव्हा हात आखडू नका. पातेऱ्याची झाकणी चांगली, पण वीतभर जाड हवी आणि पावसात ती लवकर कुजून बसते; सप्टेंबरात पुन्हा घालावी लागते.

माडांच्या ओळींमधल्या जागेत काहीतरी पेरलेच पाहिजे. मुळांचे काम आटोपल्या आटोपल्या जुलैत ताग किंवा चवळी दाट पेरली की महिन्याभरात जमीन झाकते. अळसांदे (गोव्याची चवळी) तर आपल्याकडे भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येतातच, शेताच्या मेरेलगतची (बांधालगतची) लाजाळू काढून तिथेही चार दाणे टाकायला हरकत नाही. कायमची हिरवी झाकणी हवी असेल तर रबराच्या मळ्यांत लावतात ती प्युरेरिया चालते, पण ती माडावर आणि कुंपणावर चढते, कापत राहावी लागते. आळशी माणसाने लावू नये.

अंगणात किंवा मैदानात गवत राखायचे असेल तर प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे गवताला बळ द्यायला हवे. आपली जमीन आम्ल, त्यातून पावसाने धुतलेली. कृषी खात्यामार्फत माती तपासून घ्या, सांगतील तेवढा चुना पावसाआधी घाला, कुजलेले शेणखत पातळ पसरा. गवत चार बोटांच्या खाली कापू नका. मैदानावर जिथे लाजाळू काढून खळगा पडतो तिथे त्याच दिवशी हरळीचे तुकडे दाबून लावा, जागा रिकामी ठेवू नका. फुटबॉलच्या गोलपोस्टसमोरचा उघडा पट्टा मात्र कधीच पूर्ण सुटत नाही, तो दर जुलैत हातानेच काढायचा.

मीठ, व्हिनेगर आणि औषधे

माडाला मीठ घालतात, मग लाजाळूवर मीठ ओतले तर काय बिघडले, असे विचारणारे खूप. वरची पाने करपतात, गळा बहुधा जिवंत राहतो, आणि मिठाचे पाणी शेजारच्या मिरवेलीच्या, पोफळीच्या मुळाशी जाते. माड सोसतो, त्या सोसत नाहीत. व्हिनेगरचेही तसेच: कोवळी रोपे मरतात, पण ती खुरप्यानेही मरतात, आणि खुरप्याला दर वेळी पैसे पडत नाहीत.

तणनाशकांबद्दल दोन गोष्टी. पहिली कायद्याची. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फत करावा अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. त्यामुळे दुकानातून बाटली आणून पाठीवरच्या पंपाने मारायच्या आधी विभागीय कृषी कार्यालयात विचारा. तुमच्या पिकात कोणते औषध मान्य आहे हेही तिथेच कळेल. लेबलवर त्या पिकाचे नाव नसेल तर ते औषध तुमच्यासाठी नाही. २,४-डी गवत राखून रुंद पानांची तणे मारते म्हणून अंगणासाठी सुचवतात, पण वाऱ्याने त्याचे तुषार मिरचीवर, भेंडीवर, वेलभाज्यांवर गेले की पाने वळतात. परसात भाजी असेल तर नकोच.

दुसरी गोष्ट फवारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लाजाळूचे पान स्पर्शाने मिटते ते देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यामुळे. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर पडते आणि पान खाली कोसळते. फवाऱ्याचे मोठे थेंब पडले तरी तेच होते. पाने एकमेकांवर मिटली की औषध निम्म्या पृष्ठभागाला लागतच नाही, आणि फवारणारा 'चिंब झाले' म्हणून पुढे सरकतो. संध्याकाळी तर पाने आपणहूनच मिटतात. १७२९ साली द मेरान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे झाड काळोखात ठेवून पाहिले होते, तिथेही पाने आपल्या वेळेलाच उघडत-मिटत राहिली. तेव्हा ऊन उतरल्यावर निवांत फवारू हा बेत लाजाळूच्या बाबतीत चुकीचा. कृषी कार्यालयाने औषध सुचवलेच तर ते सकाळी, दव सुकल्यावर, पाने पूर्ण उघडी असताना आणि बारीक तुषारांच्या नोझलने मारायचे. पानांवरून निथळेपर्यंत भिजवायचे नाही. पाऊस कधी येणार याचा अंदाजही हवा, आणि गोव्यातल्या जुलैत तो कोण देणार? माझे मत विचाराल तर दोन-तीन गुंठ्यांच्या आवाराला औषधाची गरज नाही. दोन माणसे आणि दोन कुदळी पुरतात.

काजूच्या बागेत

इथे लाजाळूचा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण बोंडू (काजूची फळे) पिकून खाली पडल्यावर जमिनीवरूनच वेचायचे असतात आणि वेचणाऱ्या बायका दिवसभर वाकून हात घालत असतात. सबंध डोंगरउतार साफ करणे ना परवडणारे, ना शहाणपणाचे. चढावरची माती पावसात धरून ठेवायला काहीतरी हवेच, लाजाळू तेवढे काम करते. झाडाच्या फांद्यांचा घेर जिथवर जातो तिथवरच काढा, म्हणजे बोंडू पडतात तेवढीच जागा. हे काम पाऊस संपता संपता, जमीन ओली असताना करावे. जानेवारीत करायला गेलात तर कुदळ उसळून अंगावर येते आणि मग सगळे मशीनवर येऊन थांबते. बाकीच्या उतारावर फक्त वाटा मोकळ्या ठेवा. त्या वाटांवरूनच बी झाडाखाली येते, त्यामुळे वाटेची लाजाळू शेंग धरण्याआधी छाटण्याला पर्याय नाही.

बकऱ्या लाजाळू खातात म्हणून त्या सोडायचा सल्ला मिळतो. कोवळी खातात, हे खरे. पण लाजाळूत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, सुबाभळीत असते तेच. कापून ढिगाने पुढे टाकू नका, दुसरा चाराही असू द्या. आणि मोठी लाजाळू असेल तर जनावरांना अजिबात चारू नका.

काढलेल्या झाडांचे काय करायचे

शेंगा धरायच्या आधी काढलेली लाजाळू खतासाठी उत्तम. नायट्रोजनचे झाड ते. खड्ड्यात टाकून वर शेण आणि माती घाला, काटे कुजेपर्यंत हात घालू नका. शेंगा धरलेल्या फांद्या मात्र खतात नकोत, त्यातले बी तुमच्याच हाताने माडाच्या आळ्यात जाईल. त्या गोणीत भरा, ओढत नेऊ नका, आणि एका ठरावीक खड्ड्यात सुकवून पूर्ण राख होईपर्यंत जाळा. मोकळ्या जमिनीवर लावलेली वरवरची आग आणि खड्ड्यातली ही आग यांत फरक आहे: इथे बी खरोखर जळते. त्या खड्ड्याभोवतीची दोन हात जागा पुढच्या मे महिन्यात सगळ्यात आधी तपासा. बाहेरून भरावाची माती आणणार असाल तर तीही बागेत पसरण्याआधी एका बाजूला ढीग करून पाणी मारून ठेवा. पंधरा दिवसांत काय उगवते ते बघून मग ठरवा.